संत्रा-शेंगदाणा चॉकलेट कुकीज : घाणा वजनाचा, भाव कष्टाचा

(प्रभागसंघाच्या अन्नप्रक्रिया प्रशिक्षणात गटांच्या ताईंसमोर केलेलं हे भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



पापड, लोणचं, शेवया, मसाला, चटणी. आपल्या गटांच्या स्टॉलवर हे सगळं असतं आणि शेजारच्या गटाच्या स्टॉलवरही हेच असतं. मग गिऱ्हाईक भाव पाडून मागतं, आणि आपण देतो. म्हणून आज एक वेगळा पदार्थ घेतला आहे. चॉकलेटच्या कुकीज, त्यात भाजलेला शेंगदाणा आणि संत्र्याची साल.

नाव ऐकून बिचकू नका. दिवाळीच्या आधी पीठ, तूप, साखर घेऊन गावच्या बेकरीत जायचं आणि डबा भरून नानकटाई भाजून आणायची, हे आपल्यापैकी बऱ्याच जणींनी केलंय. कुकी ही तिचीच बहीण. लोणी-साखर फेसायची, पीठ हलक्या हातानं मिसळायचं आणि भाजायचं. हात आपल्याला आहेच. शिकायच्या गोष्टी दोनच. घाणा वजनावर करणं, आणि भाव काढताना स्वतःचे तास धरणं. पहिली जमली की माल दर वेळी सारखा निघतो. दुसरी जमली नाही तर माल कितीही चांगला असो, धंदा बायांच्या फुकट कष्टावर चालतो आणि सहा महिन्यांत बंद पडतो.

सामान कुठलं आणि कसं

संत्र्यापासून सुरू करू. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी हा आपला संत्र्याचा पट्टा. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आंबिया बहाराचं फळ साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात येतं, मृग बहाराचं फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. मोठं फळ व्यापारी उचलतो आणि बारीक फळाला भाव पडतो. आपल्याला हे बारीक फळच चालतं, कारण आपल्याला रसापेक्षा साल हवी आहे. पण फळ निरोगी हवं. गळून पडलेलं, डागी, मऊ पडलेलं फळ नको. ज्या बागेत नुकतीच फवारणी झाली तिथलं तर नकोच. ओळखीच्या बागेतून घ्या, शेवटची फवारणी कधी झाली ते विचारा, आणि कोमट पाण्यात चोळून धुवा. बाजारात चकचकीत मेण लावलेलं फळ मिळतं, ते सालीसाठी घेऊ नका.

सालीच्या केशरी भागात बारीक बारीक तेलाचे ठिपके असतात. संत्र्याचा वास त्या तेलात आहे. खालचा पांढरा भाग कडू असतो. म्हणून बारीक किसणीवर फक्त केशरी थर किसायचा, पांढरं दिसलं की फळ फिरवायचं. आपल्या संत्र्याची साल सैल असते, म्हणून आधी किसा आणि मग सोला. सोललेली साल किसणीवर धरता येत नाही. जालन्याकडच्या गटांनी मोसंबी वापरावी, तिची साल घट्ट असल्यानं किसायला आणखी सोपी. लिंबाची सालही चालते, पण निम्मीच घ्या.

हंगाम संपल्यावर काय? हंगामातच केशरी साल पातळ सोलून सावलीत कडकडीत वाळवा, दळा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. ताज्या सालीएवढा वास येणार नाही, पण काम चालतं. उन्हात वाळवली तर वास उडून जातो.

शेंगदाणा मंद आचेवर भाजून, सोलून, भरड करायचा. कूट नको, दाताखाली आला पाहिजे. निवडताना काळपट, सुरकुतलेले, बुरशी धरलेले दाणे फेकून द्या. ‘भाजल्यावर काय होतंय’ म्हणू नका. त्या बुरशीचं विष भाजल्यानं पूर्ण जात नाही. कोकणातल्या किंवा चंदगडकडच्या गटांनी काजूतुकडा वापरावा. अख्ख्या काजूपेक्षा तो स्वस्त पडतो आणि कुकीत तुकडेच लागतात.

कोको पावडर साखर नसलेली घ्या. दूधात घालून प्यायची चॉकलेट पावडर वेगळी, तिच्यात बहुतेक साखरच असते. चॉकलेटच्या विटेचं लेबल वाचा. ‘कंपाउंड’ लिहिलं असेल तर तिच्यात कोकोच्या लोण्याऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं. ती स्वस्त असते आणि उन्हाळ्यात लवकर पाघळत नाही. अस्सल चॉकलेट आपल्या अंगाच्या उष्णतेलाच वितळायला लागतं, म्हणून ते तोंडात विरघळतं. कुठलंही वापरा, पण जे वापरलं तेच लेबलावर लिहा. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात वरून चॉकलेट चोपडू नका. तुकडे पिठात आत घाला, म्हणजे पाकिटाला चिकटणार नाहीत.

लोण्याचंही तसंच. घरचं लोणी वापरायचं तर दोन-तीन पाण्यांनी धुऊन, दाबून पाणी काढा. ताक राहिलं तर कुकी लवकर खराब होते. १२५ ग्रॅम लोण्याच्या जागी तूप घ्यायचं असेल तर १०० ग्रॅम पुरतं, कारण लोण्यात पाणी असतं आणि तुपात नसतं.

एका घाण्याचं माप

वाटी आणि चमचा घरच्यासाठी. विकायचं असेल तर वजनकाटा. एका घाण्याला,

कणीक आणि मैदा मिळून २०० ग्रॅम (निम्मं-निम्मं)
कोको पावडर ३० ग्रॅम
पिठीसाखर १२० ग्रॅम
लोणी १२५ ग्रॅम
शेंगदाण्याची भरड ७५ ग्रॅम
चॉकलेटचे तुकडे ७५ ग्रॅम
दोन संत्र्यांची किसलेली साल
संत्र्याचा रस दोन मोठे चमचे
बेकिंग पावडर पाऊण चहाचा चमचा, खाण्याचा सोडा पाव चमचा, मीठ चिमूटभर

आता कृती.

एक. साल पिठीसाखरेत घालून बोटांनी चोळा आणि दहा मिनिटं ठेवा. साखर ओलसर, केशरी दिसायला लागते. सालीतलं तेल साखरेत उतरलं याची ही खूण.

दोन. लोणी घरातल्या हवेएवढं मऊ हवं, वितळलेलं नको. त्यात ही साखर घालून फिकट होईपर्यंत फेसा. हातानं पाच-सात मिनिटं लागतात.

तीन. पीठ, कोको, बेकिंग पावडर, सोडा आणि मीठ एकत्र दोनदा चाळा. कोकोच्या गुठळ्या राहतात, म्हणून दोनदा.

चार. चाळलेलं पीठ लोण्यात हलक्या हातानं मिसळा. इथे पोळीच्या कणकेसारखं तिंबायचं नाही. तिंबलं की चिकाटी येते आणि कुकी कडक होते. भरड, चॉकलेट आणि शेवटी रस घाला. गोळा जमला की थांबा. वास जास्त यावा म्हणून रस वाढवू नका. रसानं कुकी केकसारखी मऊ होते आणि लवकर सादळते. वास हवा तर साल वाढवा.

पाच. गोळा झाकून अर्धा तास गार जागी ठेवा. मग २२ ग्रॅमचा एकेक गोळा तोलून घ्या. पहिले दहा तोलले की हाताला अंदाज येतो, तरी मधून मधून तोला. एका घाण्यात ३० होतात. बोटभर जाड दाबा आणि ट्रेमध्ये दोन-दोन बोटं अंतर ठेवा.

सहा. ओव्हन आधी दहा मिनिटं तापवून १७० अंशांवर १४ ते १६ मिनिटं भाजा. नानकटाईचा रंग बदललेला दिसतो. ही कुकी मुळातच काळी, रंगावरून कळत नाही. कडेला बोट लावून पाहा. कड घट्ट आणि मधला भाग किंचित मऊ असेल तर काढा. गार झाल्यावर ती आपोआप खुसखुशीत होते. ओव्हनमध्येच कडक होईपर्यंत ठेवली तर कोको करपतो आणि संत्र्याचा वास जाऊन कडवटपणा राहतो.

सात. दहा मिनिटं ट्रेवरच ठेवा, मग जाळीवर पूर्ण गार करा. गरम कुकी पाकिटात भरली तर आत वाफ धरते, माल मऊ पडतो आणि पुढे बुरशी येते. घाई करायची नाही असं हेच ठिकाण.

ओव्हन नसेल तर शिकण्यापुरती जाड बुडाची कढई चालते. तळाला मीठ किंवा वाळू, वर तिवई, झाकण ठेवून दहा मिनिटं तापवायची आणि मंद आचेवर वीसेक मिनिटं भाजायचं. पण कढईत आच सगळीकडे सारखी लागत नाही. विक्रीसाठी गावच्या बेकरीशी बोला, दुपारी भट्टी रिकामी असताना ट्रेमागे भाडं ठरवा. ट्रे मात्र आपले न्या, कारण तिथे अंड्याचे पदार्थही होतात.

आता वही उघडा

आपली पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे. पाचवं सूत्र आपण बचतीला लावतो, स्वतःच्या कामाला लावत नाही. आज ते कामाला लावू.

इथे धरलेले भाव उदाहरणाचे आहेत. तुम्ही तुमच्या बाजाराचे घाला. एका घाण्याचं सामान असं धरलं : पीठ ९ रुपये, कोको ३०, साखर ६, लोणी ७०, शेंगदाणा १२, चॉकलेट ३०, संत्री १०, बाकी किरकोळ ३. एकूण १७० रुपये. भाजल्यावर एक कुकी साधारण २० ग्रॅमची राहते. म्हणजे ३० कुकीजची दहा-दहाची २०० ग्रॅमची तीन पाकिटं.

दोघी जणींनी एका दिवशी पाच घाणे केले. पंधरा पाकिटं झाली. एक पाकीट तुटक्या कुकीज आणि चवीचे नमुने यांत जातं, विकायला १४ उरतात. सामान ८५०, वीज ६०, पाकिटं आणि लेबलं ९०, बाजारापर्यंतचं भाडं ६०. बेरीज १,०६० रुपये. चौदाने भागलं तर पाकिटामागे ७६ रुपये.

इथे बहुतेक गट थांबतात. ‘७६ ला पडलं, ९० ला विकू, पाकिटामागे १४ सुटले.’ चौदा पाकिटांचे १,२६० आले, खर्च वजा जाता २०० रुपये राहिले. सगळ्या खूश.

आता सांगा, त्या दिवशी दोघींनी चार-चार तास काम केलं ना? आठ तासांचे २०० रुपये. तासाला २५. हा नफा नाही. ही मजुरी आहे, आणि तीही अपुरी. निंदायला गेलो असतो तर चार तासांचे याहून जास्त आले असते. गटाच्या निधीत एक रुपया पडला नाही. उद्या ओव्हन बिघडला तर दुरुस्तीला काही नाही.

म्हणून मजुरी आधी लिहायची. तासाला ५० धरले तर आठ तासांचे ४००. एकूण खर्च १,४६० झाला. चौदाने भागून पाकीट १०५ रुपयांना पडलं. १२० ला विकलं तर १,६८० येतात. दोघींना ४०० मजुरी मिळून २२० रुपये गटाकडे राहतात. याला नफा म्हणायचं.

दुकानात ठेवायचं तर दुकानदार शंभरामागे वीस मागेल असं धरा. मग छापील किंमत १४० हवी. त्याला २८ गेले, आपल्याला ११२ मिळाले. पाकिटामागे ७ रुपयांच्या आसपास सुटतात. छापील किंमत १२० ठेवून दुकानात दिलं तर हातात ९६ येतात. खर्च १०५. म्हणजे विकाल तितका तोटा. दुकानदाराशी बोलायच्या आधी हा आकडा वहीत हवा.

कुणी म्हणेल, ‘ताई, १२० ला कोण घेणार? दुकानात पाच रुपयाला बिस्किटाचा पुडा मिळतो.’ खरं आहे. त्या पुड्याशी आपली स्पर्धाच नाही. तो यंत्रावर होतो आणि त्यात लोणी, संत्रं, अख्खा दाणा नसतो. त्याच्या भावाला उतरायचं म्हटलं तर आपण लोणी काढून डालडा घालू, साल काढून इसेन्स घालू, आणि शेवटी आपली मजुरी काढू. मग आपल्या कुकीत आपलं काय राहिलं?

गिऱ्हाईक वेगळं शोधा. संक्रांतीचं हळदीकुंकू ऐन संत्र्याच्या मागेच येतं. चार कुकीजचं छोटं पाकीट ५० रुपयांना, वाण म्हणून. प्लॅस्टिकच्या डब्यांना वाणाच्या बायका कंटाळल्या आहेत. दिवाळीच्या फराळाच्या डब्यात एक पाकीट. तालुक्याच्या गावचे शिक्षक, बँकेतले, दवाखान्यातले लोक महिन्याची मागणी नोंदवतात. आधी मागणी, मग घाणा. सरस प्रदर्शनात जागा मिळाली तर तिथल्या विक्रीवर वर्षाचा अंदाज बांधू नका, कारण रोजचं गिऱ्हाईक गावाजवळ असतं.

लेबल म्हणजे आपला शब्द

घरगुती प्रमाणावर विकायचं तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते. छोट्या उत्पादकाला तिची फी वर्षाला १०० रुपये आहे. १४ आकडी क्रमांक मिळतो, तो पाकिटावर छापायचा. शिवाय पदार्थाचं नाव, सामानाची यादी (ज्याचं वजन जास्त ते आधी), निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, किती दिवसांत वापरावं, किंमत, गटाचं नाव-पत्ता-फोन आणि शाकाहाराची हिरवी खूण. अंडं घातलं तर हिरवी खूण चालत नाही. वजनकाटा वैधमापन विभागाच्या शिक्क्याचा हवा.

एक ओळ ठळक छापा : ‘यात गहू, दूध आणि शेंगदाणा आहे.’ काही लोकांना, विशेषतः काही मुलांना, शेंगदाण्याची ॲलर्जी असते. अंगावर गांधी उठतात, कधी श्वास अडकतो, जिवावर बेततं. चॉकलेटच्या काळ्या कुकीत दाणा दिसत नाही. ती ओळ नसेल तर आईला कळायला मार्ग नाही. काजूची कुकी त्याच परातीत केली तर तिच्यावरही शेंगदाण्याचा उल्लेख करा.

‘किती दिवस टिकतं’ हे दुसऱ्याच्या लेबलवरून उतरवू नका. एका घाण्याची पाच पाकिटं बाजूला ठेवा. ७, १४, २१, ३० आणि ४५ दिवसांनी एकेक फोडा. सादळली का, खवट वास येतो का, संत्र्याचा वास राहिला का, ते तारखेसह लिहा. ज्या दिवशी फरक जाणवला त्याच्या बरंच अलीकडची मुदत छापा. पावसाळ्यात हीच परीक्षा पुन्हा घ्या, कारण दमट हवेत तोच माल लवकर सादळतो.

कर्ज आणि ओव्हन

पहिला खर्च वजनकाट्याचा, मोठ्या ओव्हनचा नाही. समजा, गटातून २०,००० रुपये महिना शेकडा १ व्याजानं घेऊन ओव्हन आणला. महिन्यात आठ दिवस काम, दर दिवशी निधीत २२०, म्हणजे १,७६०. सगळा माल थेट विकला गेला तरी फेडायला सुमारे बारा महिने लागतात. हे झेपण्याजोगं आहे, पण मागणी असेल तरच. म्हणून तीन महिने भाड्याच्या भट्टीवर काम करा, वही दाखवा, मग कर्ज मागा. पीएमएफएमई योजनेत अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटांच्या सदस्यांसाठी ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद केलेली आहे. सध्या अर्ज चालू आहेत का, ते आपल्या प्रभाग समन्वयकांना विचारा. पण तिथेही तुमची वही आधी पाहतील.

ताईंनो, पुढच्या बैठकीला प्रत्येक गटानं एक घाणा करून आणावा. सोबत वहीचं एक पान. त्यावर पाच गोष्टी असाव्यात : सामानाचा खर्च, किती कुकीज निघाल्या, किती जणींनी किती तास काम केलं, तासाचा दर काय धरला, आणि पाकीट कितीला पडलं. चव सगळ्या मिळून घेऊ. पान मात्र आधी वाचू. ज्या पानावर तासांची जागा कोरी असेल, त्या गटानं बसून ती भरायची आणि मगच भाव सांगायचा.